बेडसोअर झाला की दोष सिस्टरचाच?

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर बेडसोअरबद्दल, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्यानं दाबामुळं होणाऱ्या जखमेबद्दल, एक मेसेज फिरतोय. "पेशंटच्या पाठीला जखम झाली म्हणजे सिस्टरनं आळस केला. दर दोन तासांनी कूस बदलली की बेडसोअर होतच नाही. हवेची गादी, फोमचं ड्रेसिंग हे पैसे काढायचे धंदे. जखम हॉस्पिटलातच झालीय, फोटो काढा, तक्रार करा." मी मिरजेत वॉर्डात नर्स आहे. हा मेसेज वाचून आलेले नातेवाईक आमच्याशी भांडतात, आणि खरं ज्यासाठी भांडायला हवं ते तसंच राहतं. म्हणून हे उत्तर.

कूस बदलावीच लागते, त्यात वाद नाही. पण त्यालाही माणसं आणि सामान लागतं. ८० किलोचा पेशंट पायथ्याकडं घसरला की वर घ्यायला दोन्ही बाजूंना माणूस आणि अंगाखाली मजबूत ड्रॉ शीट, म्हणजे पेशंटला उचलून सरकवायची आडवी चादर, हवी. एकटीनं काखेत हात घालून ओढलं तर कातडी चादरीला धरून राहते, हाड आतून सरकतं आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या पिळवटतात. जखम टाळायला जावं आणि आपणच ती करावी, असं होतं. कुशीवर साधारण ३० अंशांत टेकवायला पाठीमागं उशी लागते, टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून पोटऱ्यांखाली उशी लागते. धुलाईतून चादरी परत आलेल्या नसतात, उशा मोजक्या, आणि रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डाला मिळून एक मावशी. दोन तासांचा आकडाही सगळ्यांना सारखा लागू नाही. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना पेशंटची कातडी, हालचाल आणि गादी बघून वेळ ठरवायला सांगतात.

आता गादी. ती कूस बदलण्याला पर्याय नाही, हे मीही स्पष्ट सांगते. पण मणक्याला मार लागलेला किंवा व्हेंटिलेटरवरचा पेशंट हवा तितका हलवता येत नाही, तिथं गादीचा मोठा आधार असतो. अट एकच, ती चालू पाहिजे. माकडहाडाच्या बरोबर खाली, गादीच्या तळाशी तळहात घालून बघा. हात आणि हाड यांच्यात इंचभर फुगलेली गादी जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर गादी असून नसल्यासारखी. नळी गळते, लाईट गेली की पंप बंद पडतो, वर जाड चादरी आणि रबरी शीट यांचे थर चढवले की फायदा निघून जातो. खरेदीत गादी येते, पण सुटी नळी, पंप आणि दुरुस्ती यांचा विचारच झालेला नसतो. मग एका नळीपायी चांगली गादी स्टोअरच्या कोपऱ्यात धूळ खाते. धंदा म्हणायचा तर याला म्हणा.

सिलिकॉन फोमचं ड्रेसिंग धोक्यातल्या पेशंटला जखम होण्याआधीच माकडहाडावर लावतात, कारण त्यानं घर्षण आणि ओल कमी होते. जखमेवरही ते बरेचदा काही दिवस टिकतं. कोरडा गॉज मात्र चिकटतो आणि काढताना नवं लालसर मांस ओरबाडून नेतो. इंडेंट, म्हणजे स्टोअरकडं सामानाची मागणी, टाकलं की उत्तर येतं, "सप्लाय नाही." मग बाहेरची चिठ्ठी. जतहून आलेला रोजंदारीवरचा मुलगा एकच ड्रेसिंग आणू शकतो, पुढं पुन्हा गॉज. बिलाची शंका असेल तर जरूर विचारा, पण वस्तूलाच खोटं ठरवू नका.

"जखम हॉस्पिटलातच झाली" हेही दरवेळी खरं नसतं. खुबा मोडून घरी कडक खाटेवर पडून राहिलेल्या आजीच्या हाडाजवळचं मांस आधीच दबलेलं असतं. वर जांभळा डाग उमटायला ४८ ते ७२ तास लागू शकतात, तोवर आजी वॉर्डात आलेली असते. आपल्या सावळ्या कातडीवर सुरुवातीची लाली दिसतही नाही. ती जागा हाताला गरम, कडक किंवा मऊ लागते का, ते चाचपावं लागतं. म्हणून ॲडमिशनच्या वेळीच पाठ, खुबे, टाचा बघून लिहून घ्यायला सांगा.

तक्रार कराच. कामचुकारपणा झाला असेल तर तोही लिहा. सोबत हेही विचारा: वॉर्डात किती हवेच्या गाद्या चालू आहेत, ड्रेसिंग कधीपासून संपलंय, रात्री किती माणसं असतात. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते, अर्जाची एक प्रत तिच्याकडं द्या. इंडेंट कधी टाकलं आणि सामान कधी आलं, याच्या तारखा रजिस्टरला असतात, त्या मागून घ्या.