गाडी लेट झाली म्हणून पासाचे पैसे परत मिळत नाहीत

लोणावळा लोकल, दौंडची डेमू आणि मुंबईच्या गाड्यांनी रोज जा-ये करणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: "गाडी एक तास लेट झाली तर 25 टक्के, दोन तास झाली तर 50 टक्के भाडं परत. पासधारकांनाही लागू. घरी पोचल्यावर टीडीआर भरा. सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे." (टीडीआर म्हणजे परतावा मागण्याचा अर्ज.) या मेसेजवर विसंबलात तर हक्काचे पैसेही बुडतील.

25 आणि 50 टक्क्यांचा नियम युरोपियन युनियनचा आहे. आपल्याकडे परताव्याचे 2015 चे नियम चालतात. तुम्ही जिथून चढणार त्या स्टेशनावर गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि तुम्ही प्रवास केलाच नाही, तर पूर्ण भाडं परत मिळतं. कन्फर्म, आरएसी (बसण्यापुरती जागा), वेटिंग, तिन्हींना. गाडीत बसलात की हा हक्क संपला, मग ती पुढे कितीही रखडो.

"घरी पोचल्यावर टीडीआर" हा सल्ला सर्वांत घातक. ई-तिकिटाचा टीडीआर गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधीच भरावा लागतो. खिडकीवरचं तिकीटही तोवरच परत द्यावं लागतं. पुणे स्टेशनावर चार तास ताटकळून शेवटी एसटीने निघालेला माणूस रात्री निवांत फॉर्म भरायला बसतो, तेव्हा मुदत टळलेली असते. एसटीत चढण्याआधी मोबाइलवर तेवढं काम उरकाच.

सुप्रीम कोर्टाचा निकाल मात्र खरा आहे, सप्टेंबर 2021 चा. अजमेर–जम्मू गाडी चार तास लेट झाली, एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं, टॅक्सी करावी लागली. टॅक्सीचे 15,000 रुपये आणि इतर भरपाई देण्याचा ग्राहक मंचाचा आदेश कोर्टाने कायम ठेवला. पण हा सरसकट दर नव्हे. उशिराचं कारण हाताबाहेरचं होतं हे रेल्वेने सिद्ध करावं, नाहीतर भरपाई द्यावी, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे जुलैत बोरघाटात दरड कोसळली तर दावा टिकणं अवघड. रेल्वेला कारणच देता आलं नाही, तर तुमची बाजू भक्कम. नुकसानीचा पुरावा मात्र हवाच: चुकलेल्या विमानाचं तिकीट, टॅक्सीची पावती, गाडीच्या वेळांचे स्क्रीनशॉट. तुम्ही पुण्यात राहत असाल तर गाडी कुठलीही असो, तक्रार इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते. वकील लागतोच असं नाही, आणि तिकिटाची रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने फीही नाही.

राहिले पासधारक. तीन तासांचा नियम त्यांच्या उपयोगाचा नाही, आणि रोजच्या अर्ध्या तासाच्या उशिरासाठी विमानाचं तिकीट दाखवणार कोण? कामावर लेट मार्क लागतो, पगार कापला जातो, तरी त्यांच्यासाठी नियमात एक पैसाही नाही. मला या मेसेजचा खरा राग इथे येतो. जे मिळतच नाही ते मिळतंय असं वाटलं, की मागायला कोणी पुढे येत नाही. ब्रिटनमध्ये सीझन तिकीटवाल्यांना उशिराची भरपाई मिळते, बऱ्याच कंपन्या तर 15 मिनिटांपासून देतात. प्रवासी संघांनी निवेदन द्यायचं तर स्टेशन मास्तरला नको, नियम त्याच्या हातात नाहीत. रेल्वे बोर्डाला आणि आपल्या खासदारांना द्या, आणि मागणी नेमकी लिहा: गाडी 30 मिनिटांहून जास्त लेट झाली, तर पासाच्या त्या दिवसाच्या भाड्यातला ठरावीक हिस्सा पुढच्या पासात वळता करा.