एकच रांग, एकच तवा, एकच पळी

सैन्यात नव्याने भरती झालेल्या रंगरुटांच्या मेसमध्ये २०० माणसं आणि वाढायला एकच काउंटर! एका थाळीला १५ सेकंद धरले, तरी शेवटच्याची पाळी यायला ५० मिनिटं लागतात. सुट्टी असते तासाभराची. सकाळपासून ग्राउंडवर घाम गाळलेल्या रंगरुटाने उरलेल्या १० मिनिटांत गिळायचं, थाळी धुवायची आणि फॉल-इनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, पळायचं. चीड येते चीड. अरे, टेबल भिंतीपासून ४ फूट पुढे ओढा, दोन्ही बाजूंनी वाढा, पळ्या दोन ठेवा. २५ मिनिटांत रांग संपते. बड्या खान्याच्या (अधिकारी-जवानांच्या एकत्र मेजवानीच्या) दिवशी हे बरोबर सुचतं, मग रोज का नाही?

चपात्यांची तर दशाच. माणशी ५ म्हणजे १०००. मोठ्या तव्यावर एका खेपेला १०, खेपेला २ मिनिटं, तासाला ३००. तवा एकच, म्हणून रात्री ८ च्या जेवणासाठी साडेचारलाच भाजायला सुरुवात. आणि त्या गरमागरम चपात्या पातेल्यात रचून वर घट्ट झाकण! वाफेचं पाणी होऊन खाली गळतं, तळाच्या चपात्यांचा लगदा होतो. दुसरा तवा लावा, मिनिटभर वाफ जाऊ द्या, मग ३०-३० च्या थप्प्या सुती कापडात गुंडाळा.

मार्च २०२३ मध्ये सैन्याने रेशनमध्ये भरडधान्याचं पीठ परत आणलं. चांगलंच केलं. पण नाचणीचं पीठ गव्हासारखं गार पाण्यात मळलं तर भाकरी चिरणारच, त्यात चिकटपणा नसतो. उकळत्या पाण्यात उकड काढा, गरम असतानाच मळून थापा. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठच्या कुठल्याही घरात हे शिकवतील. ते शिकायचं नाही आणि वर म्हणायचं, जवानांना आवडत नाही!

बेन मारीत (गरम पाण्याच्या टाकीत भांडी बसवायच्या विजेच्या यंत्रात) गार पाणी भरून, डाळ ठेवून मग बटण दाबणारे वेगळेच. ते यंत्र अन्न गरम राखण्यासाठी आहे, तापवण्यासाठी नाही. आधी पाणी ८० अंशांच्या वर न्या, मग उकळती डाळ ठेवा. अन्न ६० अंशांखाली आलं की जंतू वाढू लागतात. भातात जास्तच धोका, त्यातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत.

आणि नाशिकजवळच्या देवळाली छावणीच्या डिसेंबरात तुपकट थाळ्या बर्फासारख्या पाण्यात धुवायला लावता? तूप थिजून थाळीलाच बसतं, त्यावरच दुसऱ्या दिवशीचं जेवण. धुण्याच्या नळांपैकी निदान दोनांना तरी गरम पाणी द्या.