भोकराचं लोणचं तेलावर टिकत नाही

वैशाखात भोकरं बाजारात आली की एक मजकूर मोबाईलवर फिरायला लागतो: “बांधावरची भोकरं आणा, उकडा, मीठ नावापुरतं घाला म्हणजे बीपीवाल्यांनाही चालेल. वर बोटभर तेल ठेवा. तेलामुळे हवा लागत नाही, म्हणून जंतू वाढत नाहीत. वर्षभर काही होत नाही. बुरशी आलीच तर वरची काढून टाका, खालचं चांगलंच असतं.” यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, बाकी चुकीचं.

आधी तेल. हवा अडली की बुरशी थांबते, हे बरोबर. पण सगळ्या जंतूंना हवा लागत नाही. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम हा जंतू हवा नसेल तिथेच वाढतो आणि जीवघेणं विष तयार करतो. त्याला अडवतात दोन गोष्टी: भरपूर मीठ आणि आंबटपणा, म्हणजे पीएच ४.६च्या खाली (पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त). कैरीचं लोणचं मुळातच आंबट, त्यामुळे तिथे थोडी हयगय खपून जाते. भोकर आंबट नाही. त्यात कैरीचा कीस घालतात तो नुसता चवीसाठी नव्हे, लोणचं त्याच्याच जोरावर टिकतं. कीस वगळून फक्त तेलात बुडवलेलं भोकर म्हणजे त्या जंतूची सोय.

“उकडलं म्हणजे जंतू मेले” हेही नाही. उकळत्या पाण्यात या जंतूचे बीजाणू, म्हणजे कवचातली त्याची सुप्त रूपं, मरत नाहीत. उकडायचं ते बी सुटावं म्हणून.

मिठाचं म्हणाल तर कारखान्यातल्या खारवलेल्या लोणच्यालासुद्धा अन्नसुरक्षेच्या नियमांत किमान १२ टक्के मीठ लागतं. घरच्या बरणीत त्याहून कमी कशाच्या भरवशावर? बीपी असेल तर फोड कमी खावी, बरणीतलं मीठ कमी करू नये. कमी मिठाचं हवंच असेल तर वाटीभर करून फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा.

एक किलो भोकरांना (बी काढून साधारण ७०० ग्रॅम उरतात) अर्धा किलो आंबट कैरीचा कीस, २०० ग्रॅम मीठ, ७५ ग्रॅम मोहरीची डाळ, ४० ग्रॅम तिखट, १५ ग्रॅम हळद, १० ग्रॅम भाजलेली मेथी, चमचाभर हिंग. करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल ४०० मिली, धूर येईपर्यंत तापवून पूर्ण गार केलेलं.

भोकरं देठासकटच धुवा. देठाची टोपी आधी काढली तर पाणी आत शिरतं आणि तेच पुढे लोणचं नासवतं. पुसून मग टोपी काढा, उकळत्या पाण्यात आठ-दहा मिनिटं टाका. हिरवा रंग फिका पडून साल दबायला लागली की उतरवा. गार झाल्यावर अंगठ्याने दाबलं की बी बाहेर येतं, पण चिकासकट, आणि तो चीक बोटांना असा धरतो की दुसरं भोकर हातात राहत नाही. पाण्याने धुवायला जाऊ नका, चीक आणखी फुगतो. काडीचं टोक कोरड्या मिठात बुडवून आतून फिरवा, बोटंही मिठातच चोळा. (हे मीठ वरच्या २०० ग्रॅममधलंच घ्या.) मग कापडावर पंख्याखाली रात्रभर पसरा.

मसाला लगेच घालू नका. भोकर, कीस आणि मीठ कालवून काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत तीन दिवस ठेवा, रोज हलवा. खार सुटला की एक भोकर कुस्करून पीएच पट्टीने बघा. हळद पडल्यावर पट्टीचा रंग वाचता येत नाही, म्हणून आत्ताच. चारच्या आसपास किंवा खाली हवं. वर असेल तर लिंबाचा रस घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. त्यानंतर मसाला, मग तेल, फोडींच्या वर एक सेंटिमीटर.

बरणी उन्हात ठेवल्याने जंतू मरतात ही समजूत मजकुरात नाही, पण खालच्या प्रतिक्रियांत हमखास असते. मराठवाड्यातलं मे महिन्याचं ऊनसुद्धा त्याला पुरत नाही. उन्हात रिकामी बरणी वाळवा, तेवढंच त्याचं काम.

बुरशीचा सल्ला मात्र घातक आहे. दिसते ती वरची साय, तिचे धागे खाली गेलेले असतात. शिवाय बुरशी आंबटपणा खाते. पीएच वर चढतो आणि मघाच्या जंतूला वाट मोकळी होते. बॉट्युलिनमच्या विषाला वास येईलच असं नाही, म्हणून चाखून ठरवू नका. बुरशी, फसफस किंवा झाकण उघडताना वायूचा फुसकारा, यातलं काहीही दिसलं की अख्खी बरणी रिकामी करा.

तोडताना नख जेमतेम रुतेल अशी कडक हिरवी भोकरंच घ्या. पिवळट-गुलाबी झालेलं गोड लागतं, पण लोणच्यात त्याचा लगदा होतो.

टाकून द्यायचं लोणचं उकिरड्यावर किंवा गुरांपुढे नको. हे विष जनावरांनाही बाधतं. खड्डा करून पुरा.