मोफत तपासणी चुकवायची कशी: नाशिककरांसाठी अनुभवी सल्ला

आपण नाशिककर म्हणजे हवापाण्याच्या भरवशावर जगणारी माणसं. "आमच्याकडची हवाच अशीय, इथं कोण आजारी पडतंय" हे वाक्य रविवारी मिसळीवर दुसऱ्यांदा तर्री ओतून घेताना म्हटलं की निम्मी तपासणी तिथंच उरकते. उरलेली निम्मी कशी चुकवायची ते सांगतो, कारण सरकारनं आपल्याला जरा पेचातच टाकलंय. तिशी ओलांडली की बीपी, शुगर, तोंडाचा कॅन्सर आणि बायकांना स्तनाचा नि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, हे सगळं सरकारी केंद्रात फुकट बघतात आणि तेही काही दुखत नसताना! पळायला जागाच ठेवली नाही.

तर पहिलं म्हणजे जवळचं आरोग्य केंद्र कुठंय हे अजिबात माहीत करून घ्यायचं नाही. कॉलेज रोडच्या कुठल्या गल्लीत नवीन कॅफे उघडलाय ते आपल्याला झोपेत विचारलं तरी सांगता येतं, पण वॉर्डातलं मनपाचं केंद्र विचारलं की आपण सरळ सिव्हिलचा पत्ता देतो. सिव्हिल म्हणजे त्र्यंबक नाका, त्र्यंबक नाका म्हणजे पार्किंग, पार्किंग म्हणजे पुढच्या आठवड्यात बघू. झालं काम. आणि कुणी फारच टोकलं तर सांगायचं, अख्ख्या राज्यातल्या डॉक्टरांच्या परीक्षा घेणारं विद्यापीठ 1998 पासून आमच्या नाशकात आहे, आम्हाला काय शिकवता.

शिबिराची माहिती फक्त फ्लेक्सवरून घ्यावी. द्वारकेच्या सिग्नलला थांबलात की वाचायला लागा: भाऊंचा फोटो, भाऊंच्या भाऊंचा फोटो, शुभेच्छुकांचे चाळीस गोल चेहरे, आणि खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात तारीख नि ठिकाण, तिथं नजर पोचेपर्यंत मागचा रिक्षावाला हॉर्न मारतो. चुकून पोचलातच तर आधी उपमा खा, मग शुगर द्या, मग चिठ्ठी खिशात टाका. पुढं कुणाला दाखवायची ते चिठ्ठीवर नसतं आणि आपण विचारत नाही, असं दोन्ही बाजूंनी छान जमून जातं.

हेल्पलाईनचे नंबर सेव्ह करू नका, ही चूक फार महागात पडते. फॅमिली ग्रुपवर "कॅन्सरचे मोफत औषध, 20 ग्रुपवर पाठवा" असं आलं की ते तेवढं पाठवायचं, त्यातला नंबर लागतो का ते बघायचं नाही. 104 वर आरोग्याचा सल्ला मिळतो आणि 108 ला ॲम्ब्युलन्स येते, एवढं साधं आहे, तरी आपल्यातले हुशार लोक पोट बिघडलं की 108 लावतात आणि छातीत कळ आली की "थांब, आधी गुगल करू" म्हणतात. 14416 म्हणजे टेलीमानस, मनाच्या त्रासासाठी, चोवीस तास, मराठीतसुद्धा बोलतात. पण आपल्याकडं "टेन्शन घेऊ नको रे" म्हणणारे काका असताना सरकारला कशाला त्रास? दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबीसाठी 1800-11-6666 आहे, ऑपरेशनचा खर्च फुले जनआरोग्य योजनेत बसतो का ते 155388 वर विचारता येतं, पण ते कसं, डिपॉझिट भरून झाल्यावर आठवायचं असतं.

बायकांच्या तपासणीचा विषय घरात काढूच नका. गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरच्या जातीतलं सौम्य द्रावण लावतात, मिनिटभर थांबून पांढरा डाग उठतो का बघतात, पाच वर्षांतून एकदा. आमच्या वहिनी म्हणतात, "मला काय झालंय?" बरोबरच आहे, काही व्हायच्या आत करायची तपासणी काही झाल्याशिवाय कशी करणार. (दादा हे ऐकून पेपर वाचत राहतो, त्याचंही बरोबरच.)

एवढं करूनही तुम्ही नेटानं निघालातच तर घाबरू नका, यंत्रणा आपल्या बाजूनं आहे. मी एका केंद्रात गेलो होतो, नाव सांगत नाही, चांगली माणसं आहेत. विचारलं, "तपासणीचा दिवस कोणता?" म्हणे, मॅडम आल्या की सांगतील. "मॅडम कधी येतात?" म्हणे, तपासणीच्या दिवशी.

खरा धोका आशाताईंचा. त्या दारातच येतात, हातात फॉर्म नि टेप. तंबाखू खाता का, दारू घेता का, आठवड्यात दीडशे मिनिटं चालता का, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का, प्रत्येकाला मार्क. आमच्याकडं आल्या तेव्हा मी आतल्या खोलीतून ओरडलो की मी घरी नाही. बायकोनं आवाजावरून ओळखलं म्हणे, आणि आणलं ओढून. पांडवलेणीला रोज जातो असं सांगितलं, तर बायको हसली. वडिलांची शुगरही तिनंच सांगून टाकली. मग कंबर. श्वास धरून पोट आत ओढलं होतं हो, अगदी बरगड्यांना लागेपर्यंत, तरी पुरुषांना शंभर सेंटिमीटरच्या वर गेलं की दोन मार्क. चारच्या वर टोटल गेली की आधी तपासणीला बोलावतात, माझी सात झाली, शाळेत कधी कशात एवढं पुढं नव्हतो.

आशाताईंनी टेप वाचली आणि मोठ्यांदा सांगितलं, "काका, 104."

तेव्हापासून तो नंबर पाठ आहे.