मीटर बंद पडला? आधी टिचकी मारा

जुन्या जीपच्या स्पीडोमीटरचा काटा शून्यावर झोपला की पहिलं काम ठरलेलं आहे. काचेवर टिचकी मारायची. एकीने नाही हलला तर दोन, मग बोटाच्या पेराने, मग मुठीने. शेजारी बसलेल्यालाही मारू द्यावी. प्रत्येकाच्या बोटाचा गुण वेगळा, असं आमच्या मामांचं म्हणणं आहे, आणि ते बारा वर्षं आमच्या जीपच्या काचेवर हा गुण आजमावत आहेत. त्या जागी आता धूळ बसत नाही.

टिचकीनंतर एक चूक मात्र टाळा. काट्याखालचे किलोमीटरचे आकडे पुढे सरकतायत का, हे अजिबात बघू नका. आकडे सरकतायत आणि काटा मेलेला, तर दोष मीटरच्या पोटात. दोन्ही मेलेले, तर बहुधा खालून फेरेच वर पोचत नाहीत. म्हणजे ते फेरे मीटरपर्यंत नेणारी केबल तुटली, किंवा ट्रान्सफर केसमधली, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीतली, दातेरी गरारी झिजली. हे एकदा कळलं की काम तासाभरात आटोपतं. मग उरलेल्या रविवारचं काय करणार? घरी माळा आवरणार?

टपरीवर सल्ला जरूर विचारा. चौघांतला एक जण हमखास म्हणेल, "आधी केबल काढून बघ." त्याला गाडीतलं काही कळत नाही असं समजा. तो सर्वांत स्वस्त उपाय सांगतोय, यावरूनच त्याची लायकी लक्षात येते.

तर मीटर बदलायचा. तोही नवा नको, जुन्या बाजारातला हवा. तिथला विक्रेता मीटर कानाशी नेऊन खुळखुळ्यासारखा हलवतो आणि म्हणतो, "ओरिजिनल आहे साहेब, मिलिटरीचा." या शब्दापुढे जीपवाल्याचं पाकीट आपोआप उघडतं. आकडे फक्त साठपर्यंतच का, असं विचारू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या मीटरवर साठपर्यंतच आकडे होते, पण ते मैल होते. त्याचा फायदा घरी गेल्यावर कळेल. काटा पन्नासवर म्हणजे गाडी ८० किलोमीटरने पळतेय, आणि बायकोने विचारलं तर "पन्नासनेच चाललोय" हे तुम्ही देवाशपथ सांगू शकता.

फेऱ्यांच्या हिशोबात तर पडूच नका. अमेरिकी पद्धतीच्या मीटरला एका मैलाला केबलचे १००० फेरे लागतात. दुसऱ्या गाडीच्या मीटरचा हिशोब दुसरा. काही तबकड्यांवर तो आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो, पण त्यासाठी चष्मा लावायचा म्हणजे विक्रेत्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं.

आता बसवणं. बॅटरीची तार सोडवत बसू नका. जुन्या जीपमध्ये अँपिअर मीटरकडे जाणारी जाड तार थेट बॅटरीशी नातं ठेवून असते. तिला पाना टेकला की डॅशबोर्डमागे दिवाळी होते आणि तुमचा हात तुम्हाला ठाऊक नसलेल्या चपळाईने बाहेर येतो. बल्बच्या तारांचे फोटोही काढू नका. नंतर डावीकडे वळताना हेडलाइटचा निळा दिवा लुकलुकतो, त्याने प्रवासात जान येते. केबलचा मागचा नट हाताने फिरवायचा असतो, म्हणून तुम्ही पक्कडीने आवळा. आटे गेले की सुतळी आहेच.

मीटर बसवण्याआधी त्यात दोन थेंब तेल सोडण्याची थोर परंपरा आहे, तीही पाळा. आत काय चालतं ते ऐकलंत तर हात कचरेल. केबलच्या टोकाला एक चुंबक फिरतो. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्शही नाही, तरी फिरत्या चुंबकाने वाटीत वीज उपजते आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसाएवढी स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थबकते, तिथे तिच्यावर बसलेला काटा वेग दाखवतो. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झेने १९०२ साली या युक्तीचं पेटंट घेतलं आणि शतकभर जगाचं तीवर भागलं. स्पर्श नाही हेच तिचं मर्म, आणि तुम्ही तिथे तेल घालून दोघांना चिकटवता. मग गाडी तिसात असताना काटा साठीला टेकतो. जीप इतकी पळते हे पाहून डोळे भरून येतात.

इतकं करून काटा ढिम्म राहिला तर खचू नका, माझाही राहिला होता. मग मी केबल आणली. लांबीने हातभर जास्त आणली, कारण कमी पडली तर काय घ्या. उरलेला हातभर डॅशबोर्डमागे जिलबीसारखा गुंडाळून कोंबला. केबलला अशी घट्ट वळणं दिली की आतली तार अडखळत फिरते आणि काटा वरातीत नाचल्यासारखा नाचतो, हे मला नंतर समजलं. ग्रीसही टोकापासून टोकापर्यंत भरलं होतं. वरची तीन-चार बोटं कोरडी सोडायची असतात, नाहीतर ग्रीस चढत मीटरच्या पोटात जातं. पण हात आखडता घेणं आमच्या घराण्यात नाही.

काटा तरीही शून्यावरच होता.

शेवटी गाडी उस्तादांकडे नेली. त्यांनी मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रल केली आणि हॅन्डब्रेक सोडला. मी ओरडलो, "अहो, ब्रेक!" ते म्हणाले, "या जीपचा हॅन्डब्रेक चाकांना नसतो, मागच्या शाफ्टला असतो. तो ओढून चाक कसं फिरवणार?" मग मागचं एक चाक जॅकवर उचललं आणि केबलचं वरचं टोक माझ्या दोन बोटांत दिलं. आतल्या तारेचं चौकोनी टोक, काडीपेटीतल्या काडीएवढं.

"धरा हलक्या हाताने." त्यांनी चाक फिरवलं. "फिरतंय का?"

"नाही."

उस्ताद गाडीखाली सरकले. हॅन्डब्रेकच्या ड्रमाजवळचा एक नट सोडवला आणि बाहेर येऊन तळहात माझ्यापुढे धरला. काळ्या तेलात माखलेली प्लास्टिकची गरारी, सुपारीएवढी. एका बाजूचे दात कातरलेल्या सुपारीसारखेच गुळगुळीत.

"बंद पडायच्या आधी सहा महिने काटा थरथरत असेल. आणि चिमणीसारखा आवाज?"

होता. आम्ही त्याला जीपचं गाणं म्हणायचो.

"जुनी केबल आत कोरडी पडून अडकत होती. सगळा ताण हिच्यावर आला. बाजूची रबर रिंगपण गेलीय, हिच्याबरोबरच बदला. नाहीतर ट्रान्सफरचं तेल केबलमधून चढत मीटरपर्यंत जाईल." गरारी चिंधीने पुसत त्यांनी विचारलं, "मीटर कितीला घेतला?"

मी निम्मी किंमत सांगितली. तरी ते हसले.

गरारी आणि रिंग मिळून दोघांच्या मिसळीएवढा खर्च आला, जादा पाव धरून. केबलची जिलबी उस्तादांनी सोडवली आणि तिला सायलेन्सरपासून लांब, मोठी वळणं देत नेली. माझा मिलिटरीचा मीटर काढून जुनाच परत बसवला. त्यात बिघाड नव्हताच.

इथे एक धोक्याची सूचना. मीटर चालू झाला की तो बोलायला लागतो. दोन वर्षं आम्ही आवाजावरून वेग ओळखत होतो. टपावरचे पत्रे वाजू लागले की साठ, गिअरचा दांडा हाताला झिणझिण्या आणू लागला की ऐंशी. नातेवाइकांत जीपची कीर्ती या ऐंशीवर उभी होती. रस्त्याच्या कडेच्या किलोमीटरच्या दगडांवर घड्याळ लावून बघायचं कधी सुचलं नाही. दोन दगडांमध्ये ७२ सेकंद लागले तर वेग ५०, ९० लागले तर ४०, इतका सोपा हिशोब आहे. फोनही वेग सांगतो. पण घरात सुखशांती हवी असेल तर दोन्ही टाळा. पंधरा वर्षांवरची गाडी पुन्हा पासिंगला न्यायची नसती, तर मीही गरारीच्या भानगडीत पडलो नसतो.

परवा मामांना घेऊन निघालो. सपाट रस्ता, मोकळी हवा. पत्रे वाजले, दांडा झिणझिणला. मामा खुशीत म्हणाले, "आली बघ ऐंशीवर!" आणि सवयीने मीटरकडे पाहिलं.

काटा ५२ वर होता. न थरथरता.

"टायर एकतीस इंची टाकलेत ना मामा," मी घाईने म्हणालो. "मूळचे अठ्ठावीसचे. मोठ्या चाकाला फेरे कमी पडतात, म्हणून मीटर कमी दाखवतो."

"किती कमी?"

"दहा टक्के. जवळजवळ."

मामांनी मनातल्या मनात हिशोब केला. तेवढ्यात उजवीकडून एक लाल एसटी हॉर्न न वाजवता पुढे निघून गेली. खिडकीतून एका आजीबाईंनी आमच्याकडे पाहिलं. मामा काही बोलले नाहीत. पुढे वाकले आणि काचेवर टिचकी मारली.