ताकातले ‘सेंद्रिय ताम्र’ आणि बाळाचे दूध

गेले काही दिवस पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक लांबलचक संदेश फिरतो आहे. बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात रात्रभर ताक किंवा लिंबूपाणी ठेवले की त्यात ‘सेंद्रिय ताम्र’ तयार होते. ते सेंद्रिय असल्याने कितीही घेतले तरी बाधत नाही. भांड्याच्या काठावरचा हिरवा थर म्हणजे कच्चे ताम्रभस्मच. लहान मुलांचे दूधसुद्धा तांब्या-पितळेतच तापवावे. आणि औषध कंपन्यांनी हा गुणकारी पदार्थ बाजारातून नाहीसा केला, असा त्याचा एकूण मजकूर आहे. एरवी असल्या संदेशांकडे मी दुर्लक्ष करतो, परंतु तो वाचून माझ्या मामेबहिणीने आठ महिन्यांच्या नातवासाठी माळ्यावरचे पितळी पातेले उतरवले, हे कळल्यावर उत्तर देणे भाग पडले.

दुधाचा मुद्दा सर्वांत घातक आहे, आणि तो पुण्यात बसून पुढे पाठवला जावा हे विशेष संतापजनक आहे. लहान मुलांचे यकृत निकामी करणारा ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ नावाचा आजार आपल्याकडे एके काळी अनेक घरांत दिसत असे; पोट फुगत जाई, यकृत दगडासारखे कठीण होई आणि बहुतेक मुले दगावत. या मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा आढळत असे. हे तांबे येते कोठून, याचा शोध पुण्याच्याच के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासह घेतला. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात बोट ठेवले होते ते तान्ह्या वयातच सुरू केलेल्या आणि पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेल्या, साठवलेल्या वरच्या दुधावर. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. दुधातील केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते, त्यामुळे अशा भांड्यात दूध जेवढे तांबे उचलते तेवढे साधे पाणी उचलत नाही. म्हणजे ज्याला हा संदेश ‘सेंद्रिय’ म्हणून गौरवतो, तशाच प्रथिनाशी जोडलेल्या रूपात ते तांबे बाळाच्या पोटात जात होते. या आजारात आनुवंशिकतेचाही वाटा असावा असे काही अभ्यासकांचे मत आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण दुधाची भांडी बदलली आणि आजार जवळपास दिसेनासा झाला, ही गोष्ट कोणत्याही अग्रेषित संदेशापेक्षा जड आहे. ‘आमच्या आजीने असेच दूध पाजले, आम्हाला काय झाले?’ असे विचारणारे अर्थातच वाचलेले असतात.

आता ताक. तांबे आम्लात आपण होऊन विरघळत नाही. आधी हवेतला ऑक्सिजन त्याच्यावर थर चढवतो आणि मग आम्ल तो थर विरघळवते. म्हणूनच अर्ध्या भरलेल्या भांड्यात हिरवेपणा सर्वांत जास्त दिसतो तो द्रवाच्या काठाशी. चिंचेने तांब्याचा तांब्या लख्ख होतो तो याच कारणाने, फक्त तेव्हा निघालेले तांबे आपण मोरीत सोडतो, पीत नाही. ताकात लॅक्टिक, लिंबात सायट्रिक आणि व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्ल असते, आणि त्या त्या आम्लाचा ताम्रक्षार तयार होतो. ताक कळकते ते यामुळेच, आणि कल्हईचा कथिलाचा थर दिला जातो तोही हे टाळण्यासाठीच. कल्हई हा स्टीलवाल्यांचा डाव असल्याचे संदेशात म्हटले आहे. ते लिहिणाऱ्याने कसबा पेठेतल्या तांबट आळीत, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या वस्तीत, एक चक्कर मारावी.

सेंद्रिय आम्लाशी जोडले गेले म्हणून तांब्याचा स्वभाव बदलत नाही. तांबे आणि ॲसेटिक आम्ल यांच्यापासून होणाऱ्या कॉपर ॲसिटेटचे, म्हणजे जुन्या जंगालाच्या (तांब्यापासून बनवलेल्या हिरव्या रंगद्रव्याच्या) मुख्य घटकाचे, निळसर हिरवे स्फटिक पाण्यात सहज विरघळतात आणि त्यांच्या वजनात सुमारे ३२ टक्के तांबे असते. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे ०.९ मिलिग्रॅम आणि अमेरिकी आहारतज्ज्ञांनी आखलेली वरची मर्यादा १० मिलिग्रॅम आहे. ती गाठायला हे स्फटिक ३१-३२ मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीपेक्षाही कमी, पुरतात. मळमळ, ओकाऱ्या आणि पोटातला मुरडा हे पहिले परिणाम. मात्रा मोठी असल्यास यकृत, मूत्रपिंडे आणि रक्तपेशी यांना इजा होते. विल्सनचा आजार असलेल्यांच्या शरीरातून तांबे नीट बाहेरच पडत नाही, त्यांच्याविषयी संदेशात एक शब्दही नाही.

ताम्रभस्माचा आधार तर उलटाच आहे. रसशास्त्र, म्हणजे धातूंपासून औषधे बनवण्याचे आयुर्वेदातले शास्त्र, विषात एक दोष आणि अशुद्ध तांब्यात आठ दोष सांगते, वांती आणि भ्रम हे त्यांतलेच, आणि म्हणून शोधन, मारण व अमृतीकरण हे शुद्धीचे आणि भस्म करण्याचे संस्कार केल्यावाचून तांबे पोटात देऊ नये असा त्याचा दंडक आहे.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. साधे पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवल्यावर त्यातले अतिसाराचे जंतू नष्ट झाल्याचे २०१२ साली भारतीय संशोधकांनी दाखवले आहे, आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या पुष्कळ आत होते. पण ते पाणी होते, ताक नव्हे.

राहिला पदार्थ ‘नाहीसा’ केल्याचा आरोप. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात तांब्याचे पत्रे द्राक्षांच्या आंबलेल्या चोथ्यात ठेवून घरोघरी जंगाल बनवत, तेही औषधापेक्षा रंगासाठी. आज कॉपर ऑक्साइड किंवा कार्बोनेटवर ॲसेटिक आम्लाची क्रिया करून कॉपर ॲसिटेट तयार होते आणि प्रयोगशाळेला माल पुरवणाऱ्या दुकानांत ते सहज विकत मिळते. बहुविध जीवनसत्त्वांच्या गोळ्यांतही कॉपर ग्लुकोनेट असते, ते मोजून, एकदोन मिलिग्रॅम तांब्याच्या हिशेबाने. ॲसिटेटच्या बाटलीवर मात्र ते गिळल्यास अपायकारक असल्याची सूचना छापलेली असते.