जाहीर केलेली वेळ

रविवारची घाटातली एकवीस किलोमीटरची शर्यत होऊन मंगळवार उजाडला तरी मी अजून कठडा धरून, आडवा होऊन जिना उतरतो आहे, आणि अशा अवस्थेत आज सकाळी चहा घेताना आमच्या धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर एका तरुण मित्राचे वाक्य वाचायला मिळाले: ‘ज्यांना एकवीस किलोमीटरला तीन तासांच्या वर लागतात, त्यांनी ट्रेकिंगला जावे.’ त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. त्यातले तीन अंगठे तर दर रविवारी बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या रस्त्यावर माझ्याबरोबर असणाऱ्यांचे आहेत, म्हणून गटावर गप्प बसून इथे लिहितो आहे.

मला ३ तास १४ मिनिटे लागली. नावनोंदणी करताना आयोजकांनी जाहीर केलेली मुदत साडेतीन तासांची होती. किलोमीटरला दहा मिनिटे धरली तरी सोळाव्या किलोमीटरला पोहोचायला २ तास ४० मिनिटे मिळतात. मी तिथे २ तास २८ मिनिटांनी पोहोचलो, तेव्हा एक स्वयंसेवक मुलगा पाण्याचा २० लिटरचा जार गटारीत उपडा करत होता. टेबल टेम्पोत चढले होते, चिरडलेले कागदी पेले रस्त्याला चिकटले होते आणि जारातले पाणी भडभड वाहून चालले होते. मी हात पुढे केल्यावर तो पोर कानकोंडा झाला, कानडीत ‘मुगीतु सर’, म्हणजे ‘संपलं सर’, म्हणाला आणि पाठीवरच्या पिशवीतून स्वतःची अर्धी बाटली काढून त्याने माझ्या हातात दिली. माझा राग त्याच्यावर नाही. ज्याने फोन करून ‘आवरा आता’ असे सांगितले, त्याच्यावर आहे.

सपाट रस्त्यावरच्या वेळेने घाटाची वेळ मोजणाऱ्यांशी वाद घालून उपयोग नसतो, तरीही एक सांगतो. येळ्ळूरच्या राजहंसगड किल्ल्याच्या शेवटच्या चढावर माझ्या धावण्याच्या आणि चालण्याच्या वेगात फारसा फरक उरत नाही, फरक पडतो तो छातीच्या भात्यात; म्हणून मी तिथे मुद्दाम चालतो, पावले लहान टाकतो आणि वाचवलेला दम पुढे सपाटीला वापरतो. हे आळसाने होत नाही, वर्षानुवर्षे त्याच वळणांवर तोंडाला फेस आल्यावर सुचलेले शहाणपण आहे. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट पहिल्यांदा चढलो तेव्हा ते नव्हते. ईर्ष्येने शेवटपर्यंत पळत गेलो आणि परतीच्या उतारावर पाय माझे उरले नाहीत. चढ निदान दमवून सोडून देतो. उतारावर मात्र प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू लांबत असतानाच अंगाचे सगळे वजन पेलतो, त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ते दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरात येते. माझा जिना सध्या त्याचीच साक्ष देतो आहे. शिवाय पहिला येणारा ऊन कोवळे असतानाच घरी जाऊन पोह्यांना बसतो. उन्हात तासभर जास्त राहतो तो मागचा, आणि जार उपडा होतो तोही त्याच्याच तोंडासमोर!

रस्ता वाहतुकीला मोकळा करून द्यावा लागतो, पोरे पहाटे तीनपासून उभी असतात, हे मला मान्य आहे. मग मुदत तीन तासांची ठेवा. मी नाव नोंदवणार नाही, घरी बसेन आणि तक्रारही करणार नाही. पण साडेतीन लिहून पैसे घ्यायचे आणि अडीच तासांना पाणी ओतून टाकायचे, याला आपल्याकडे काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

मला सवलत नको आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारिट्झबर्ग या शहरांदरम्यान १९२१ पासून कॉम्रेड्स ही सुमारे ९० किलोमीटरची डोंगराळ शर्यत होते. तिची मुदत बारा तासांची आहे आणि ती संपताच अंतिम रेषेवर एक माणूस येणाऱ्यांकडे पाठ करून बंदूक झाडतो. त्यानंतर एका सेकंदाने पोहोचलेल्यालाही पदक मिळत नाही. हा नियम निर्दय आहे, पण मला तो अतिशय आवडतो, कारण बंदूक वाजेपर्यंत ती रेषा जागेवर असते.

आमच्या रेषेवरच्या कमानीतली हवा काढलेली होती आणि दोघेजण तिची गुंडाळी करत होते. मला पदक एका पोत्यातून शोधून देण्यात आले. पाय पुढे टाकवत नव्हते, म्हणून मी तिथेच दुभाजकावर बसून राहिलो, आणि थोड्या वेळाने खानापूर तालुक्यातल्या एक बाई, चढावर दोनदा मला मागे टाकून गेलेल्या आणि उतारावर गुडघ्यामुळे मागे पडलेल्या, लंगडत आल्या. अंगणवाडीत काम करतात, एवढे त्यांनी चढावर सांगितले होते. रस्त्यावर पसरलेल्या कमानीकडे पाहून त्यांनी विचारले, ‘संपलं काय हो?’ मी घड्याळ पाहिले. ३ तास २४ मिनिटे झाली होती. ‘नाही, अजून सहा मिनिटं आहेत,’ असे मी म्हटले, तेव्हा त्या हसल्या आणि रस्त्यावर खडूने आखलेली रेषा शोधून, तिच्यावर नीट पाय ठेवून पलीकडे गेल्या. त्या मुलाच्या बाटलीत तळाला दोन घोट उरले होते, ते मी त्यांना दिले.

लिहिता लिहिता राग बराच उतरला आहे. येळ्ळूरच्या शिवारात सध्या बासमतीला वास सुटला आहे, त्यामुळे येत्या रविवारीही पहाटे साडेपाचला वडगावातून निघायचे आहेच. त्या तीन अंगठेवाल्यांनी नेहमीच्या जागी यावे. पाणी मी आणतो.